घटक ७ : आफ्रिका खंडातील सरासरी मासिक पर्जन्याचे नकाशांकन

७.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपणांस :
• हवामान केंद्रांच्या नोंदींवरून सरासरी मासिक पर्जन्य काढता येईल.
• केंद्रांमधील रिकाम्या प्रदेशातील पर्जन्याचा अंदाज करण्याच्या प्रमुख पद्धती सांगता येतील.
• पर्जन्य-नकाशातील मोजलेला भाग व अनुमानाचा भाग यांतील फरक ओळखता येईल.

७.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, नकाशासंग्रहातील पर्जन्याचा नकाशा आपण अनेकदा पाहिला असेल. गर्द निळ्या रंगापासून फिकट पिवळ्या रंगापर्यंत सारा खंड रंगलेला असतो. कोठेही रिकामी जागा नसते. त्यामुळे सर्वत्र पाऊस मोजला गेला आहे, असा आपला समज होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. पाऊस मोजला जातो तो केवळ काही ठिपक्यांवर. उरलेला नकाशा अनुमानाने भरलेला असतो.

हे अनुमान किती मोठे असते, हे एका हिशेबाने पाहू. आफ्रिकेचे क्षेत्रफळ सुमारे ३ कोटी चौ. किमी. आहे. समजा, नकाशासाठी आपल्याजवळ ३,००० पर्जन्यमापकांच्या नोंदी आहेत आणि प्रत्येक मापकाच्या तोंडाचे क्षेत्रफळ २०० चौ. सेंमी. आहे. या सर्व तोंडांचे एकत्रित क्षेत्रफळ होते ६० चौ. मीटर, म्हणजे एका लहानशा घराएवढे. तेवढ्या जागेत पडलेल्या पाण्यावरून आपण खंडाचा पाऊस सांगणार असतो. म्हणून नकाशा काढण्याइतकेच तो सावधपणे वाचणेही महत्त्वाचे आहे. या घटकात आपण दोन्हींचा विचार करणार आहोत.

७.२ विषय-विवेचन

७.२.१ केंद्राची मासिक सरासरी

प्रथम प्रत्येक केंद्राची बारा महिन्यांची सरासरी काढावी लागते. जागतिक हवामान संघटनेच्या संकेतानुसार त्यासाठी ३० वर्षांचा कालखंड घेतात. सध्याचा प्रमाण कालखंड १९९१ ते २०२० हा आहे. या कालखंडातील तीसही जुलै महिन्यांच्या पावसाची बेरीज करून तिला ३० ने भागले, की जुलैची सरासरी मिळते. गणित सोपे आहे. अडचणी नोंदींत असतात.

पहिली अडचण म्हणजे गहाळ नोंद. ‘नोंद नाही’ आणि ‘पाऊस शून्य’ या दोन पूर्णपणे भिन्न गोष्टी आहेत. वहीतील रिकाम्या जागी शून्य लिहिले, तर सरासरी विनाकारण घटते. शिवाय, किमान ८० टक्के वर्षांच्या, म्हणजे तीसपैकी २४ वर्षांच्या नोंदी असल्याशिवाय सरासरी ग्राह्य धरू नये, असा सर्वसाधारण नियम आहे.

दुसरी अडचण कालखंडाची. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील साहेल पट्ट्यात १९५० च्या दशकात पाऊस चांगला होता. १९७० व १९८० च्या दशकांत तेथे तीव्र अवर्षण पडले. एका केंद्राची नोंद १९५० च्या दशकातील आणि शेजारच्या केंद्राची १९८० च्या दशकातील असेल, तर नकाशावर दिसणारा फरक स्थळाचा नसून काळाचा असेल. म्हणून सर्व केंद्रांचा कालखंड समान असावा लागतो.

७.२.२ मासिक नकाशांची गरज

वार्षिक बेरीज पावसाचे वेळापत्रक लपवते. आफ्रिकेत पावसाचा पट्टा सूर्यामागून उत्तर-दक्षिण सरकतो. दोन्ही गोलार्धांतील व्यापारी वारे जेथे एकत्र येतात, त्या आंतर-उष्ण कटिबंधीय अभिसरण पट्ट्याची ही हालचाल होय. जानेवारीत झांबियातील लुसाका येथे भर पावसाळा असतो, तर नायजरमधील नियामी कोरडे असते. ऑगस्टमध्ये स्थिती नेमकी उलटते. विषुववृत्तालगतच्या नैरोबीला पट्टा दोनदा ओलांडून जातो. म्हणून तेथे एप्रिल व नोव्हेंबर या महिन्यांच्या सुमारास दोन पावसाळे येतात. दक्षिण टोकावरील केपटाउनला मात्र पश्चिमी वाऱ्यांमुळे जून ते ऑगस्ट या हिवाळ्याच्या महिन्यांत पाऊस मिळतो. पेरणी कधी करावी हा शेतकऱ्याचा प्रश्न असतो; त्याचे उत्तर वार्षिक नकाशा देऊ शकत नाही, बारा मासिक नकाशे देऊ शकतात.

७.२.३ ठिपक्यांकडून पृष्ठभागाकडे

ज्ञात बिंदूंवरून मधल्या अज्ञात बिंदूचे मूल्य काढण्याच्या क्रियेला आंतरगणन म्हणतात. समजा, प या गावी पर्जन्यमापक नाही. तेथून अ, ब व क ही केंद्रे अनुक्रमे १०, २० व ४० किमी. अंतरावर आहेत आणि त्यांचा जुलैचा सरासरी पाऊस अनुक्रमे १२०, ८० व ४० मि.मी. आहे. (हे आकडे उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत.)

(अ) साधी सरासरी : (१२० + ८० + ४०) ÷ ३ = ८० मि.मी.

(ब) थीसेन बहुभुज पद्धती : ही पद्धत थीसेन यांनी १९११ मध्ये मांडली. प्रत्येक स्थळाला सर्वांत जवळच्या केंद्राचे मूल्य दिले जाते. म्हणून प चा पाऊस १२० मि.मी.

(क) व्यस्त अंतर भारांकन : जवळच्या केंद्राला अधिक व दूरच्या केंद्राला कमी वजन दिले जाते. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वजने घेतल्यास ती १६ : ४ : १ अशी येतात. म्हणून (१६ × १२० + ४ × ८० + १ × ४०) ÷ २१ = २,२८० ÷ २१ = सुमारे १०८.६ मि.मी.

केंद्रे तीच, नोंदी त्याच. तरीही उत्तरे तीन. यांतील एकही उत्तर मोजलेले नाही, हे लक्षात ठेवावे.

याखेरीज ‘क्रिगिंग’ ही पद्धत आज बरीच वापरली जाते. दक्षिण आफ्रिकेतील खाण अभियंते डॅनी क्रिग यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी सोन्याच्या खाणींतील मोजक्या नमुन्यांवरून खनिजाचा अंदाज करण्यासाठी केलेल्या कामातून ती उगम पावली. फ्रेंच गणिती जॉर्ज माथरों यांनी तिला सैद्धांतिक रूप दिले. अंतर वाढते तसा नोंदींमधील सारखेपणा कसा घटतो, हे ती आधी नोंदींवरूनच शोधते. तिचा विशेष असा, की अंदाजाबरोबर त्या अंदाजातील अनिश्चितताही ती सांगते.

७.२.४ उंचीचा प्रश्न

केवळ अंतरावर विसंबणे डोंगराळ प्रदेशात धोक्याचे ठरते. कॅमेरून पर्वताच्या समुद्राकडील पायथ्याशी असलेल्या डेबुंडशा येथे वर्षाला सुमारे १०,००० मि.मी. पाऊस पडतो. तेथून साधारण ८० किमी. वरील दुआला शहरात तो त्याच्या निम्म्याहूनही कमी आहे.

ही गोष्ट आपल्या परिचयाची आहे. वरील हिशेबातील ३,००० मापक खंडभर समान अंतरावर मांडले, तर एका मापकाच्या वाट्याला १०,००० चौ. किमी. येतील, म्हणजे जवळजवळ सातारा जिल्ह्याएवढे क्षेत्र. आता साताऱ्यासाठी एकच मापक आहे, असे समजा. तो महाबळेश्वरी असेल, तर अवर्षणग्रस्त माण तालुका नकाशावर ओलाचिंब दिसेल. माणमध्ये असेल, तर महाबळेश्वर दुष्काळी ठरेल. म्हणून आधुनिक नकाशांकनात अक्षांश व रेखांश यांच्या जोडीला समुद्रसपाटीपासूनची उंचीही विचारात घेतात.

७.२.५ केंद्रे नसलेला प्रदेश

केंद्रांची विभागणी समान नसते. ती शहरे, विमानतळ व रस्ते यांच्या आधाराने वसतात. कांगो खोऱ्यातील घनदाट वर्षावन व सहाराचा अंतर्भाग येथे ती फारच विरळ आहेत. युद्ध, अपुरा निधी किंवा मनुष्यबळाचा अभाव यांमुळे चालू केंद्रेही बंद पडतात. अशा ठिकाणी उपग्रहांचे साहाय्य घेतात. उपग्रह ढगमाथ्याचे तापमान टिपतो. माथा जितका थंड, तितका ढग उंच व पावसाची शक्यता अधिक, असा तर्क केला जातो. अमेरिकेत तयार झालेल्या ‘चर्प्स’ या संचात उपग्रह व केंद्रे यांच्या नोंदींची सांगड घालून १९८१ पासूनच्या पावसाचे अंदाज दिले आहेत. दुष्काळाची पूर्वसूचना देण्यासाठी त्याचा उपयोग होतो. तथापि उपग्रहाचा अंदाजही जमिनीवरील मापकाशी ताडून पाहावा लागतो. मापक नसेल, तर ताळा कशाशी करणार?

येथे प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. ‘सरासरीपेक्षा किती कमी’ यावरून दुष्काळ ठरतो. मूळ सरासरीच चुकीची असेल, तर मदत ज्या गावी पोहोचायला हवी तेथे ती पोहोचत नाही. आणि ज्या भागात केंद्रे नाहीत, तेथील चूक दाखवून देणारी नोंदही कोठे नसते.

७.२.६ नकाशाची मांडणी व पडताळणी

समान पर्जन्याची स्थळे जोडणाऱ्या रेषांना समपर्जन्य रेषा म्हणतात. आफ्रिकेत वाळवंट व वर्षावन दोन्ही असल्याने समान अंतराचे वर्ग उपयोगी पडत नाहीत. ०–१०, १०–२५, २५–५०, ५०–१००, १००–२००, २००–४०० व ४०० मि.मी. पेक्षा अधिक, असे वाढत जाणारे वर्ग घ्यावेत. बाराही नकाशांना एकच वर्गवारी व एकच रंगक्रम ठेवावा. अन्यथा महिन्यांची तुलना करता येणार नाही.

पडताळणीसाठी एक केंद्र बाजूला ठेवून उरलेल्या केंद्रांवरून त्याचा पाऊस काढावा व तो प्रत्यक्ष नोंदीशी ताडून पाहावा. असे प्रत्येक केंद्राबाबत केले, की नकाशाची सरासरी चूक कळते. शेवटी, केंद्रांचे ठिपके नकाशावर अवश्य दाखवावेत. कोठे मोजले व कोठे मोजले नाही, हे वाचकाला त्यांवरूनच कळते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न
१. एका केंद्राच्या तीसपैकी २५ जुलै महिन्यांच्या नोंदी उपलब्ध असून त्यांची बेरीज २,२५० मि.मी. आहे. सरासरी काढा. गहाळ महिन्यांना शून्य धरल्यास ती किती येईल?
२. एका गावापासून ५ व १० किमी. वरील केंद्रांचा पाऊस अनुक्रमे ६० व १०० मि.मी. आहे. व्यस्त अंतर भारांकनाने (अंतराचा वर्ग घेऊन) गावाचा पाऊस काढा.

७.३ सारांश

पर्जन्य-नकाशा ठिपक्यांवरील मोजमापापासून सुरू होतो व आंतरगणनाने पूर्ण होतो. समान कालखंड, गहाळ नोंदींची योग्य हाताळणी, उंचीचा विचार आणि पडताळणी यांवर त्याची विश्वसनीयता अवलंबून असते. रंग सर्वत्र सारखाच ठाम दिसला, तरी त्यामागील पुरावा सर्वत्र सारखा नसतो.

७.४ स्वयं-अध्ययनासाठीच्या प्रश्नांची उत्तरे
१. ९० मि.मी.; शून्य धरल्यास ७५ मि.मी.
२. वजने ४ : १; म्हणून (४ × ६० + १ × १००) ÷ ५ = ६८ मि.मी.

७.५ सरावासाठी स्वाध्याय
१. वार्षिक नकाशापेक्षा मासिक नकाशे अधिक उपयुक्त का ठरतात, ते आफ्रिकेतील उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. ‘नकाशावर केंद्रांचे ठिपके दाखवणे हा प्रामाणिकपणाचा भाग आहे.’ चर्चा करा.
३. आपल्या तालुक्यातील पर्जन्यमापक कोठे आहेत ते शोधा. आपल्या गावाच्या पावसाची नोंद म्हणून ज्या मापकाचा आकडा घेतला जातो, तो गावापासून किती दूर व किती उंचीवर आहे, याविषयी टिपण लिहा.