बोटीत पाणी, बर्फ, डिझेल भरताना: काय करावे, काय टाळावे

मिरकरवाडा, राजिवडा, साखरतर आणि काळबादेवी येथील नाखवा, तांडेल व खलाशांसाठी

काय करावे

मोजताना
- प्रत्येक टाकीची मोजकाठी वेगळी ठेवा. टाकीचा आकार बदलला की खुणाही बदलतात.
- पावसाळी बंदीच्या ६१ दिवसांत काठ्या नव्याने आखा. २० लिटरच्या कॅनने टाकी भरत जा आणि दर ५ कॅनना एक खाच पाडा.
- काठी पुसून कोरडी करा, खडू चोळा आणि सरळ तळाला टेकवा. खडू जिथपर्यंत भिजला ती पातळी.
- पातळी टाकीच्या मधोमध घ्या. १०० सेंमी लांब आणि ८० सेंमी रुंद टाकीत २ सेंमीची चूक म्हणजे १६ लिटर.
- बोट हलत असेल तर ३ वेळा मोजा आणि मधला आकडा धरा.
- लिटरचे किलो करून लिहा: पाणी लिटरला १ किलो, डिझेल लिटरला सुमारे ८३० ग्रॅम.
- बर्फाची एक लादी काट्यावर तोला आणि त्यावरून सगळ्या लाद्यांचा हिशोब करा. लादीचे वजन कारखान्याप्रमाणे बदलते.
- पाणी, डिझेल, बर्फ, जाळे आणि माणसे, ही पाचही वजने वहीत लिहून बेरीज करा.

भरताना
- जड माल खाली आणि मधोमध ठेवा. वजन जितके खाली तितकी बोट स्थिर.
- डाव्या आणि उजव्या टाकीत आळीपाळीने १००-१०० लिटर भरा.
- फेरीला लागतील तेवढ्याच टाक्या काठोकाठ भरा आणि बाकीच्या पूर्ण रिकाम्या ठेवा; अर्ध्या टाकीतले पाणी कललेल्या बाजूला धावते.
- रुंद टाकीत नाळेकडून मागे जाणारी सलग, बिनभोकाची पडदी मधोमध बसवून घ्या. दोन सारख्या कप्प्यांत डोलत्या पाण्याचा परिणाम चौथाईवर येतो.
- भरताना टाकीची हवेची नळी उघडी ठेवा. आत हवा कोंडली तर टाकी न भरताच भरल्यासारखी दिसते.
- डेकवरची टाकी, पिंपे आणि क्रेट दोराने आवळून बांधा. सुटलेले पिंप पडत्या बाजूलाच गडगडते.

निघण्यापूर्वी
- बोटीच्या दोन्ही बाजूंना, नाळेवर आणि मागे रंगाची रेघ मारून घ्या.
- जेट्टीवर उतरा, बोटीच्या मागे उभे राहून तिचा कल पाहा, मग प्रत्येक रेघ पाण्यापासून किती वर आहे ते टेपने मोजा.
- हा आकडा वहीतल्या वजनाशी ताडून पाहा. १५ मीटर लांब, ४.५ मीटर रुंद बोट साधारण ५०० किलोला १ सेंमी बसते.
- बोट हिशोबापेक्षा जास्त बसली तर आधी तळ तपासा. गळती असू शकते.
- तळात साचलेले पाणी उपसून मगच रेघ मोजा.
- डेकवरचे पाणी बाहेर जाण्याची भोके हाताने चाचपून मोकळी करा. जाळ्याचा तुकडाही भोक बुजवतो.
- काजळी नदीला पूर असेल तेव्हा खाडीत बोट थोडी जास्त बसणार हे धरा. गोडे पाणी खाऱ्यापेक्षा सुमारे अडीच टक्के हलके असते.
- भरलेली बोट भाट्याच्या मुखातून चढत्या भरतीला काढा. भार वाढला की तळाखालचे पाणी कमी होते.

समुद्रात
- मधल्या टाक्या एकेक करून संपवा; बाजूच्या जोडीतून मात्र दोन्हीकडचे सारखे वापरा.
- दर पाळीला काठी घाला आणि आकडा वेळेसह लिहा.
- बर्फ वितळून खणाच्या तळाशी आलेले पाणी वरचेवर पंपाने काढा.
- मासळी डेकवर पडताच खणात उतरवा आणि दोन्ही बाजूंना सारखी वाटा.
- बोट डोलून सरळ व्हायला किती सेकंद घेते ते रोज मोजा. हा वेळ वाढला तर वरचे वजन लगेच खाली आणा.
- बोट कलायला लागली तर सगळ्यांना लाइफ जॅकेट घालायला लावा आणि व्हीएचएफच्या १६ क्रमांकाच्या चॅनलवर कळवा.

काय टाळावे

मोजताना
- टाकीवर टकटक करून पातळी ठरवू नका. आवाजाला लिटर नसतात.
- पाण्याची काठी डिझेलच्या टाकीत घालू नका. पिण्याचे पाणी नासते आणि खुणाही जुळत नाहीत.
- पाण्याचे २०० लिटरचे पिंप आणि डिझेलचे २०० लिटरचे पिंप सारखे धरू नका. दोघांत सुमारे ३५ किलोंचा फरक असतो.
- मागच्या फेरीचा आकडा या फेरीला वापरू नका.
- ओहोटीला बोट गाळावर टेकलेली असताना रेघ मोजू नका. तेव्हा भार गाळ उचलतो, पाणी नाही.
- ओल्या जाळ्याचे वजन सुक्या जाळ्याइतके धरू नका.

भरताना
- एक बाजू पूर्ण भरून मग दुसरीला हात घालू नका. मधल्या वेळात बोट कलते आणि काठीही चुकते.
- केबिनच्या छपरावर पाण्याची टाकी ठेवू नका. ५०० लिटर पाणी म्हणजे डोक्यावर अर्धा टन.
- दोन बाजूंच्या टाक्यांना जोडणाऱ्या नळीचा व्हॉल्व्ह समुद्रात उघडा ठेवू नका. बोट कलली की सगळे पाणी खालच्या बाजूला उतरते.
- जागा करण्यासाठी तळातले नीरम काढू नका. ते दगड आणि लोखंड बोटीला सरळ ठेवतात.
- पाइप टाकीत सोडून चहाला जाऊ नका. पाइपपाशी एक माणूस आणि काठीपाशी एक माणूस हवाच.
- बर्फ एकाच कोपऱ्यात रचू नका.

निघण्यापूर्वी
- कललेली बोट माणसे एका बाजूला बसवून सरळ दाखवू नका. माणसे उठली की कल परत येतो.
- रेघ पाण्याखाली गेली असेल तर निघू नका. आधी माल उतरवा.
- “नारळी पौर्णिमा झाली, समुद्र शांत झाला” म्हणून मोजणी सोडू नका. हंगामाच्या पहिल्याच फेरीला टाक्या आणि गळती यांची खरी परीक्षा असते.
- खणाचे झाकण नुसते टेकवून ठेवू नका. लाटेचे पाणी आधी तिथेच शिरते.

समुद्रात
- दोन-तीन टाक्या एकाच वेळी अर्ध्या करू नका. डोलते पाणी तितक्या ठिकाणी वाढते.
- रिकाम्या टाकीत गरज नसताना समुद्राचे पाणी घेऊ नका. भरता भरता ती अर्धी असते, तो काळ धोक्याचा.
- कललेली बोट सरळ करण्यासाठी उंच बाजूला पाणी भरू नका. ती उलट्या बाजूला जोरात आपटते. आधी डेकवरचे आणि खणातले डोलते पाणी काढा.
- कल कशामुळे आला हे कळेपर्यंत जाळे ओढू नका.
- जास्त मासळी मिळाली म्हणून डेकवर ढीग ठेवून परतू नका. जेवढी खणात मावेल तेवढीच घ्या.
- बंदर दिसले म्हणून शेवटची मोजणी टाळू नका. परतताना डिझेल आणि पाणी संपलेले, म्हणजे तळ हलका आणि वर जाळे ओले असते.

तटरक्षक दलाचा समुद्रातील मदतीचा क्रमांक १५५४ केबिनमध्ये रंगाने लिहून ठेवा. हा कागद दारावर लावा आणि नव्या खलाशाला पहिल्याच दिवशी वाचून दाखवा. तो नेपाळचा किंवा कर्नाटकचा असेल तर त्याला समजेल अशा भाषेत सांगा. मोजकाठी कोणाच्या हातात आहे, हे जेट्टी सोडण्यापूर्वी नाव घेऊन ठरवा.