एक मतदार, दोन कौल

2024 हे साल बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील मतदारांच्या बराच काळ लक्षात राहील. त्या वर्षी 7 मे रोजी त्यांनी लोकसभेसाठी मतदान केले आणि 20 नोव्हेंबरला विधानसभेसाठी. मध्ये अंतर साडेसहा महिन्यांचे. एवढ्या अवधीत आपल्याकडे लावलेला ऊससुद्धा तोडणीला येत नाही. कौल मात्र फिरला. मे महिन्यात श्रीमती सुप्रिया सुळे यांनी श्रीमती सुनेत्रा पवार यांचा 1,58,333 मतांनी पराभव केला. नोव्हेंबरमध्ये बारामती विधानसभा मतदारसंघात श्री. अजित पवार यांनी आपले पुतणे श्री. युगेंद्र पवार यांच्यावर 1,00,899 मतांनी विजय मिळवला.

या दोन निकालांनंतर आपल्या परिसरात जी चर्चा झाली, तिने प्रस्तुत लेखाला निमित्त दिले. जूनमध्ये एका बाजूचे लोक म्हणत होते की मतदाराने निष्ठा दाखवली, आणि दुसऱ्या बाजूचे म्हणत होते की केलेली कामे तो विसरला. डिसेंबरमध्ये हीच वाक्ये होती, फक्त म्हणणारे बदलले होते. त्यांत भर एवढीच की आता मतदार ‘विकला गेला’ असेही ऐकू येऊ लागले. वर्गातल्या चर्चेतही आम्ही यापेक्षा फार वेगळे काही बोललो नाही, हे कबूल केले पाहिजे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने शेजाऱ्याला चंचल किंवा विकाऊ ठरवण्यापूर्वी निदान बेरीज-वजाबाकी करून पाहावी, इतकीच अपेक्षा ठेवून पुढील विवेचन केले आहे.

असा उलटसुलट कौल अमेरिकेच्या राजकारणाला नवा नाही. तेथे एकाच दिवशी, एकाच लांबलचक मतपत्रिकेवर राष्ट्राध्यक्षापासून काही ठिकाणी थेट शेरीफपर्यंतची पदे छापलेली असतात. एका पक्षाच्या उमेदवारांच्या या यादीला तेथे ‘तिकीट’ म्हणतात. (आपण तिकीट ‘मिळवतो’, तेथला मतदार ते ‘फाडतो’, असे म्हणायला हरकत नाही.) वरच्या पदासाठी एका पक्षाला आणि खालच्या पदासाठी दुसऱ्या पक्षाला मत देणे म्हणजे विभाजित मतदान. 1984 साली रेगन यांनी 50 पैकी 49 राज्ये जिंकली, पण त्याच दिवशी निवडल्या गेलेल्या प्रतिनिधीगृहात डेमोक्रॅटिक पक्षाचे बहुमत कायम राहिले. पुढे पक्षनिष्ठा कडवी होत गेली आणि ही पद्धत आटली. 2016 मध्ये सिनेटची निवडणूक झालेल्या प्रत्येक राज्यात राष्ट्राध्यक्षपदासाठी आणि सिनेटसाठी एकच पक्ष विजयी झाला. 2024 मध्ये मात्र ॲरिझोना, नेवाडा, मिशिगन आणि विस्कॉन्सिन या चार राज्यांनी ट्रम्प यांना कौल दिला आणि सिनेटवर डेमोक्रॅटिक उमेदवार पाठवले.

म्हणजे ट्रम्प यांच्या लाखो मतदारांनी खाली डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत दिले असेल, असे प्रथमदर्शनी वाटते. नेवाडाचे आकडे पाहिले की हा समज ढासळतो. तेथे निवडून आलेल्या डेमोक्रॅटिक सिनेटर जॅकी रोझेन यांना, त्याच राज्यात पराभूत झालेल्या कमला हॅरिस यांच्यापेक्षा काही हजार मते कमीच पडली. फरक पडला तो समोरच्या बाजूला. ट्रम्प यांच्या मतदारांपैकी बरेच जण सिनेटच्या रिपब्लिकन उमेदवारापर्यंत पोहोचलेच नाहीत. कोणी ती जागा कोरी सोडली असेल, कोणी तिसऱ्याला मत दिले असेल, कोणी तेथील ‘यांपैकी कोणीही नाही’ या पर्यायावर खूण केली असेल. निकाल विभाजित दिसतो, पण त्यावरून तेवढेच मतदार इकडून तिकडे गेले असा अर्थ निघत नाही.

हे लक्षात ठेवून इंदापूरकडे वळू. 2014 च्या विधानसभा निवडणुकीत श्री. दत्तात्रय भरणे यांना 1,08,400 आणि श्री. हर्षवर्धन पाटील यांना 94,227 मते मिळाली. 2019 मध्ये हे आकडे अनुक्रमे 1,14,960 आणि 1,11,850 असे होते. फरक अवघा 3,110. म्हणजे 2019 मध्ये या दोघांच्या मतांची बेरीज सव्वादोन लाखांहून अधिक होते आणि बाकीच्यांच्या वाट्याला जवळजवळ काही उरत नाही. आता 2024 चा मे महिना पाहा. भरणे राष्ट्रवादी काँग्रेसच्या अजित पवार गटात होते, पाटील भारतीय जनता पक्षात होते आणि दोघेही महायुतीचे म्हणून सुनेत्रा पवार यांच्या बाजूने उभे होते. तालुक्याचे दोन्ही गट एकाच पारड्यात! नेत्याच्या मागे मतांचा गठ्ठा जातो हा आपल्याकडचा सर्वमान्य सिद्धांत खरा असता, तर इंदापुरातून सुनेत्रा पवार यांना प्रचंड आघाडी मिळायला हवी होती. प्रत्यक्षात तेथे सुमारे 25 हजारांची आघाडी मिळाली ती सुप्रिया सुळे यांना.

ऑक्टोबरमध्ये पाटील यांनी शरद पवार यांच्या पक्षात प्रवेश केला. लोकसभेच्या आघाडीत पाटील यांची मते मिळवून विजयाचे गणित मांडणाऱ्यांची तेव्हा कमी नव्हती. नोव्हेंबरमध्ये भरणे यांना 1,17,236 आणि पाटील यांना 97,826 मते पडली. भरणे 19,410 मतांनी विजयी झाले. परंतु त्यांची स्वतःची मते 2019 च्या तुलनेत वाढली ती फक्त 2,276. पाटील यांची मते 14,024 ने घटली आणि तिसऱ्या, अपक्ष उमेदवाराने सुमारे 38 हजार मते घेतली. ती मते अन्यथा पाटील यांनाच मिळाली असती असे म्हणण्याला आधार नाही. पण इंदापुरात लाट आली, जनमत उलटले, असे म्हणण्यालाही आधार नाही. तीन निवडणुकांत विजेत्याचा आकडा एक लाख आठ हजारांपासून एक लाख सतरा हजारांपर्यंत सावकाश सरकला आहे. हे नेवाडाच्या जवळचे उदाहरण आहे.

बारामतीचे तसे नाही. मे महिन्यात बारामती विधानसभा क्षेत्रात सुप्रिया सुळे यांना 1 लाख 40 हजारांहून अधिक मते होती आणि सुनेत्रा पवार यांची मते लाखाच्या आत राहिली होती. सहा महिन्यांनी युगेंद्र पवार यांना 80,233 आणि अजित पवार यांना 1,81,132 मते पडली. एका बाजूची साठ हजारांवर मते कमी झाली, दुसऱ्या बाजूची ऐंशी हजारांवर वाढली. महाराष्ट्रात मतदानाचे प्रमाण लोकसभेला सुमारे 61 टक्के आणि विधानसभेला सुमारे 66 टक्के होते, तेव्हा काही भर नव्या मतदारांची असणार. तेवढ्याने हा फरक भरून निघत नाही. येथे फार मोठ्या संख्येने लोकांनी खरोखरच दोन वेळा दोन वेगळी मते दिली, असे मानावे लागते. ‘लोकसभेला ताई, विधानसभेला दादा’ हे वाक्य मे महिन्याच्या आधीपासूनच गावोगाव ऐकू येत होते. जे लोक काय करणार ते आधी सांगतात आणि तसेच करतात, त्यांना चंचल कसे म्हणावे हे मला तरी समजलेले नाही.

व्ही. ओ. की या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने मृत्यूपूर्वी नेमक्या याच प्रश्नावर काम केले होते. ‘द रिस्पॉन्सिबल इलेक्टोरेट’ हे त्यांचे पुस्तक 1966 मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी निघाले. 1936 ते 1960 या काळातील राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुका घेऊन त्यांनी मतदारांचे तीन वर्ग केले : जुन्याच पक्षाबरोबर राहणारे, पक्ष बदलणारे आणि नव्याने मतदानाला आलेले. बदलणारा मतदार अजाण असतो अशी समजूत तेव्हा तेथल्या विद्वानांतही होती. की यांना आढळले ते असे की, बदलणाऱ्यांचा बदल बहुधा धोरणांविषयीच्या त्यांच्या स्वतःच्या मतांशी जुळणारा असतो.

बारामतीच्या मतदाराला दोन वेळा विचारलेला प्रश्न एकच नव्हता, हे तर उघड आहे. मे महिन्यात कांद्याची निर्यातबंदी ताजी होती. डिसेंबर 2023 मध्ये लादलेली ती बंदी मतदानाच्या तीन दिवस आधी उठली. पक्ष आणि घड्याळ हे चिन्ह फेब्रुवारीत अजित पवार गटाकडे गेले होते आणि वडीलधाऱ्या नेत्याला उतारवयात तुतारीवाल्या माणसाचे नवे चिन्ह घेऊन दारोदार जावे लागले होते. बहिणीविरुद्ध पत्नीला उभे करणे ही चूक होती, असे अजित पवार यांनीही पुढे ऑगस्टमध्ये जाहीरपणे सांगितले. नोव्हेंबरमधला प्रश्न वेगळा होता. कालव्याचे आवर्तन, जिरायत गावांचे पाणी, रस्ते, कारखाना आणि ही कामे मंत्रालयातून कोण करून आणणार, असा तो प्रश्न होता. अमेरिकन मतदार वॉशिंग्टनसाठी आणि आपल्या राज्याच्या गव्हर्नरसाठी वेगवेगळी मोजपट्टी लावतो, त्याला तेथे कोणी नावे ठेवत नाही.

जुलैमध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा 1,500 रुपये ही बाब यात धरलीच पाहिजे. पण सर्व निकाल त्या पैशाने लागला, असे जे छातीठोकपणे सांगितले जाते, ते सिद्ध करणे सोपे नाही. एकूण आकड्यांवरून व्यक्तीचे वर्तन काढण्यातला धोका रॉबिन्सन या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1950 मध्येच दाखवून दिला होता. अमेरिकेच्या ज्या राज्यांत परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण अधिक, त्या राज्यांत साक्षरताही अधिक होती. प्रत्यक्षात परदेशात जन्मलेली माणसे इतरांपेक्षा कमी साक्षर होती. ती साक्षर राज्यांत जाऊन राहिली, इतकेच. योजनेचे लाभार्थी अधिक आणि विजयी उमेदवाराची मतेही अधिक, एवढ्यावरून लाभ घेणाऱ्या बाईनेच मत बदलले हे ठरत नाही.

मुळात या बाईला कोणी विचारतच नाही. आपण ज्याला ‘तालुक्याचे वातावरण’ म्हणतो, ते पारावर, चहाच्या टपरीवर आणि दूध डेअरीच्या ओट्यावर गोळा केलेले असते आणि तेथे बोलणारे बहुतेक पुरुष असतात. 1936 मध्ये ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पोस्टाने पाठवल्या. वीस लाखांवर उत्तरे आली आणि रुझवेल्ट हरणार असे भाकीत छापले गेले. रुझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. साप्ताहिकाने नावे काढली होती ती मुख्यतः दूरध्वनी आणि मोटारीच्या याद्यांमधून, आणि शिवाय उत्तर पाठवण्याची हौस असणाऱ्यांचीच उत्तरे आली होती. गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान, पण सर्व थरांतला नमुना घेऊन विजेता बरोबर सांगितला. आपला पार हा आपला ‘लिटररी डायजेस्ट’ आहे.

निमगाव केतकीला माझी आत्या राहते. घरचा पानमळा आहे. निवडणुकीच्या काळात ओसरीवर आलेल्या प्रत्येकाला काका घरातली सगळी मते कोठे जाणार ते सांगत असत आणि आत्या चहा आणून ठेवून आत जात असे. या लेखाच्या निमित्ताने मी तिला सरळच विचारले, “आत्या, मे महिन्यात कुणाला दिलंस आणि नोव्हेंबरात कुणाला?”

“तुला काय करायचंय?” ती म्हणाली. “दोन्ही वेळेला बरोबरच दिलं.”

“काकांना माहीत आहे?”

“त्यांनी विचारलंय कधी?”

तिच्या मतदान केंद्रावर दोन्ही वेळेला कोणाला किती मते पडली, हे नमुना 20 या सरकारी तक्त्यात केंद्रनिहाय पाहता येते. बारामती आणि इंदापूरच्या सर्व केंद्रांचे मे आणि नोव्हेंबरचे तक्ते शेजारी शेजारी मांडण्याचे काम आमच्या वर्गातील चौघांनी हाती घेतले आहे. बागायत आणि जिरायत गावे त्यात वेगळी काढायची आहेत. केंद्रांची हद्द मध्यंतरी कोठे बदलली असेल, तर तेही तपासावे लागेल. ते पुरे झाल्यावर जिरायत गावांतला बदल बागायतीपेक्षा मोठा होता की लहान, एवढे तरी सांगता येईल. आत्याचे मत त्यातही सापडणार नाही.