मेस्ताची शाळा

तुळजापूरला भवानीमातेच्या देवळाकडे जाताना संबळाचा आवाज कानी पडला, की पावले आपोआप थबकतात. मुलांनो, गोंधळ्याच्या मुलाला संबळ कोण शिकवितो? त्याचा बाप किंवा आजा. समोर ना पुस्तक असते, ना कागदावरच्या खुणा. बाप वाजवितो, मुलगा लक्ष देऊन ऐकतो आणि तसेच वाजवू पाहतो. ही विद्या कानातून हातात उतरते. गोव्यात मात्र फार पूर्वीपासून अशा शाळा होत्या, की तेथे सूर कागदावर लिहिले जात आणि मुले ते डोळ्यांनी वाचीत. त्या शाळांची ही हकीकत आहे.

इ. स. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकला. त्यांच्यामागून ख्रिस्ती धर्मोपदेशक आले व गावोगावी चर्चे उभी राहिली. एका चर्चच्या भोवतालच्या ख्रिस्ती वस्तीला पॅरिश असे म्हणतात. सोळाव्या शतकापासून या पॅरिशांतून चर्चला लागून शाळा निघू लागल्या. त्यांचा हेतू मर्यादित होता. मुलांना धर्माची शिकवण मिळावी, अक्षरओळख व्हावी आणि प्रार्थनेच्या वेळी गाणारा मेळ तयार व्हावा, एवढाच. तेथील शिक्षकाला लोक 'मेस्त' म्हणत. चर्चमधील गायनवादन तोच सांभाळीत असे.

मेस्ताची शिस्त कडक असे. मुलगा शाळेत आला, की लगेच व्हायोलिन त्याच्या हाती पडत नसे. आधी दो, रे, मी, फा, सोल, ला, सी हे स्वर घोटावे लागत. आपल्या सा, रे, ग, म यांसारखेच हेही सात स्वर. पाच आडव्या रेघांवर काढलेली टिंबे पाहावयाची, हाताने ताल धरावयाचा आणि अचूक सूर लावावयाचा, असा हा अभ्यास चाले. तो पक्का झाला, म्हणजे मग वाद्य मिळे.

या काळाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. परकी सत्ता लोकांच्या भाषेवर व चालीरीतींवर घाला घालीत होती. १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज भाषा बोलावी. १७३६ साली धर्मन्यायालयाने ख्रिस्ती घरांतील लग्नांत देशी वाद्ये वाजविण्यास मनाई केली. पण हुकूम काढल्याने लोकांच्या ओठांवरील भाषा थोडीच पुसली जाते! कोकणी टिकली, मातीचे घुमटही वाजत राहिले. पुढे एकोणिसाव्या शतकात मांडो हा गीतप्रकार बहरला. त्यात शब्द कोकणी, व्हायोलिन मेस्ताच्या शाळेतले आणि घुमट गावचे, असा सुंदर संगम झाला.

गोव्यात पोटापुरता रोजगार मिळेना, तेव्हा अनेक तरुण मुंबईला आले. बरोबर त्यांनी मेस्ताने दिलेली विद्या आणली. ते बँडमध्ये वाजवू लागले. मूकपटांच्या काळात पडद्यापुढे बसून वाजवू लागले. बोलपट आले, तेव्हा तर त्यांच्यावाचून अडू लागले. ते का? एका गाण्याला कधीकधी पन्नासांहून अधिक वादक लागत. प्रत्येकाचे सूर वेगळे. पण सर्वांनी एकाच क्षणी वाजविले पाहिजे. ऐकून पाठ करावयास वेळ कोठून आणावा? संगीतकार चाल गाऊन दाखवी. गोव्याचे जाणते वादक प्रत्येकासाठी निराळा कागद लिहून काढीत. सर्वजण तो पाहून वाजवीत आणि गाणे उभे राही.

माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस हे अशा कलावंतांपैकी एक. त्यांचा जन्म १९२७ साली झाला. त्यांचे वडील गावच्या चर्चमध्ये गायकवृंदाचे प्रमुख होते. मुलाला पहिले धडे त्यांनीच दिले. मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अँथनींनी व्हायोलिनवादक म्हणून नाव मिळविले; पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. भारतीय रागदारीची त्यांना ओढ लागली. १९५८ साली त्यांनी मुंबईत मोठा वाद्यवृंद उभारला. सारंग रागावर त्यांनी रचना केली आणि ती पाश्चात्त्य पद्धतीने लिहून काढली. कानाने जपलेली विद्या आणि कागदावर जपलेली विद्या येथे एकमेकींना भेटल्या. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील एका गाण्यात या गुरूचे नाव गुंफलेले आहे. अँथनी २०१२ साली वारले.

१९६१ साली गोवा मुक्त झाला. गावोगावी सरकारी शाळा निघाल्या आणि मेस्ताच्या शाळेचे महत्त्व ओसरले. मात्र तिची आठवण शिकवून जाते. चर्चमध्ये गाणारी मुले तयार करावीत, एवढ्यासाठी ती शाळा निघाली. तिच्या विद्यार्थ्यांनी मात्र साऱ्या देशाला गाणे पुरविले. विद्या कोणत्या हेतूने मिळाली, हे देणाऱ्याच्या हाती असते. तिचे काय करावयाचे, हे घेणाऱ्याच्या हाती असते.

स्वाध्याय

१. मेस्ताच्या शाळेचा मूळ हेतू कोणता होता?
२. चित्रपटसंगीतात गोव्याच्या वादकांवाचून का अडू लागले?
३. मांडो या गीतप्रकारात कोणकोणत्या गोष्टींचा संगम झाला?
४. तुमच्या गावातील एखाद्या वादकाला भेटा. तो आपली कला कोणाकडून व कशी शिकला, ते विचारून दहा ओळी लिहा.