पेटीतले बंदे रुपये घासू नकोस

अगं, सासूबाईंनी पेटीतले चांदीचे रुपये तुझ्या हाती दिले, ऐकून फार बरं वाटलं. पण ‘ताई, चिंच लावून लख्ख करते’ म्हणालीस आणि काळजात धस्स झालं. चिंच, लिंबू, राख, टूथपेस्ट, काही लावू नकोस. घासलं की राजाच्या दाढीची रेघ पुसट होते आणि मग जाणकार ते नाणं चांदीच्या भावातच मोजतो. तो काळसर रंग मळ नव्हे, राहू दे तसाच.

आता एकेक रुपया कडेनं धर आणि साल वाच. मुकुट नसलेला, टक्कल पडलेला दाढीवाला म्हणजे सातवा एडवर्ड, १९०३ ते १९१०. मुकुटवाला पाचवा जॉर्ज. त्यात १९११ निघालं तर मला लगेच फोन कर. त्या वर्षीच्या रुपयावर राजाच्या छातीवरच्या साखळीत हत्ती कोरला होता, पण सोंड इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमानांत नाराजी पसरली, सरकारनं बहुतेक रुपये वितळवले आणि १९१२ पासून हत्ती नीट कोरला. दोन्ही सालांचे रुपये शेजारी ठेवून भिंगातून बघ, सोंडेचा फरक तुलाच कळेल. १९२१ आणि १९२२ सुद्धा बाजूला काढ. मागच्या बाजूला तळाच्या कमळाखाली बारीक ठिपका असेल तर नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं.

आपल्या यवतमाळकडे हे रुपये अजून निघतात, कारण कापसाचे पैसे हाती आले की लोक हे कलदार रुपये साठवून ठेवायचे. पहिल्या महायुद्धात तर देशभर लोक रुपये बाहेर काढेनात, चांदी अपुरी पडली आणि नोव्हेंबर १९१७ मध्ये सरकारला एक रुपयाची नोट काढावी लागली. पुसद-दिग्रसकडच्या बंजारा बायांच्या गळ्यातही हे रुपये दिसतात. कडी डाग देऊन जोडलेल्या रुपयाला संग्राहक कमी किंमत देतात, पण तसा हार मिळाला तर मोडू नकोस गं. जी बाई तो ल्याली तिचं गावही लिहून ठेव. माझ्या लेखी ते किमतीपेक्षा मोठं.

विकत घेताना मात्र भुलू नकोस. जुना रुपया बरोबर एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम, सराफ त्याचंच वजन वापरायचे. झिजलेला थोडा कमी भरेल, पण फारच हलका किंवा लोहचुंबकाला चिकटणारा असेल तर सरळ परत कर. १९३९ चा रुपया दुर्मीळ, म्हणून त्याच्या नकला फार. ओळखीच्या जाणकाराला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नकोस. १९४० पासून चांदी निम्मीच राहिली, हेही ध्यानात असू दे.

रबर लावून गठ्ठा बांधू नकोस, चांदी काळी पडते. साध्या कागदी पाकिटात एकेक ठेव, वर साल आणि कुणाकडून आलं ते लिही.

आणि दिरांना आधीच सांगून ठेव: जुन्या घराची भिंत पाडताना रुपयांचं गाडगं सापडलं तर वाटून घ्यायचं नाही, १८७८ च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. शंभर वर्षांहून जुनं नाणं परवानगीशिवाय परदेशीही पाठवता येत नाही, तेव्हा अमेरिकेतल्या नणंदेला आधी फोटोच पाठव.