तिकीट काढलं म्हणून गिऱ्हाईक होऊ नकोस

राजघाट, बऱ्हाणपूर

चि. सोनू,


मुंबईच्या कॉमिक कॉनचं तिकीट मिळालं आणि तू नारुतोचा पोशाख शिवतो आहेस, हे तुझ्या बाबानं फोनवर सांगितलं. ऐकून आनंद झाला. लेकीच्या कॉमिक्सचं टेबल लागतं तेव्हा मी मदतीला मागे बसते, म्हणून ती गर्दी मला समोरून दिसते. त्यातून जे वाटतं ते लिहिते.

टोकियोत १९७५ च्या डिसेंबरात कॉमिकेट हा कॉमिक्सचा मेळावा सुरू झाला. पहिल्या वेळी सुमारे ७०० माणसं आली होती, आता लाखांनी येतात. तिथली धारणा अशी की आलेल्यांत गिऱ्हाईक कुणीच नाही. विकणारा, घेणारा, व्यवस्था बघणारा, सगळे सहभागी. मला हे फार पटतं. पैसे भरले की सगळं आपल्यासाठीच मांडलंय असं माणसाला वाटू लागतं, आणि उद्धटपणा तिथूनच सुरू होतो.

फोटो विचारूनच काढ. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या कॉमिक कॉनमध्ये ठळक फलक लावावे लागले होते की पोशाख म्हणजे परवानगी नव्हे. मुलीनं कुठल्याही पात्राचे कपडे घातले असोत, तिच्या खांद्यावर हात टाकायचा नाही. पंख, विग, ढाल यांनाही हात लावू नकोस. फोम आणि गोंदाचं ते काम महिनोन्‌महिने चाललेलं असतं. कुणी जेवत असेल, सुटलेला बूट बांधत असेल, तर कॅमेरा खाली. कुणी ‘नको’ म्हणालं तर ‘पोशाख छान झालाय’ एवढं म्हणून पुढे हो. तुलाही कुणाला नाही म्हणायचा तेवढाच हक्क आहे, संकोच करू नकोस.

आणि फोटो वाटेत नको. तापी जयंतीला आपल्या घाटावर बघतोस ना, पाण्यातल्या दगडी हत्तीचा फोटो काढायला एखादा पायरीवरच थांबतो. ओल्या कपड्यांनी वर येणारी म्हातारी माणसं खाली अडकतात आणि वरचे वर. कॉमिक कॉनमध्ये टेबलांच्या दोन रांगांमधल्या बोळात तेच होतं. कडेला भिंत गाठ, मग हवे तेवढे काढ.

आता टेबलांबद्दल. हे मला जास्त लागतं. मोठ्या कंपन्यांच्या झगमगत्या स्टॉलमागे चित्रकारांची रांग असते. अभिजीत किणींची ‘अँग्री मावशी’ अशाच टेबलांवरून लोकांच्या हाती गेली. तिथं बसलेला पोरगा टेबलाचं भाडं, छपाई, प्रवास सगळं खिशातून भरून आलेला असतो. त्याच्याशी भाजीबाजारासारखी घासाघीस नको. ‘नेटवर फुकट मिळतं’ हे वाक्य तोंडातून काढू नकोस. चित्रांचे फोटो न विचारता काढू नकोस, ‘पटकन एक स्केच दे’ म्हणून मागेही लागू नकोस. पिशवी टेबलावर ठेवायची नाही. घ्यायचं नसेल तरी काय आवडलं ते जरूर सांग, त्यानं दिवस बरा जातो; पण मागे घेणारा उभा असेल तर बाजूला हो. सुटे पैसे जवळ ठेव, गर्दीत मोबाइलचं नेटवर्क दगा देतं.

कुणी नवखा किंवा एखादी मुलगी आवडत्या पात्राबद्दल बोलली, तर तिची परीक्षा घेऊ नकोस. तीनच भाग पाहिले असतील, तरी ते प्रेमच आहे. न पाहिलेल्याला शेवट सांगू नकोस. मंचावरच्या पाहुण्यांना प्रश्न विचारायचा तर एकच विचार, आणि तो खरोखर प्रश्न असू दे. माइक हातात आला म्हणून आपली हकीकत सांगत बसायचं नाही.

नारुतोच्या हातातली कुनाई, म्हणजे ती सुरी, पुठ्ठ्याचीच कर, धातू नको. दारावरचा रक्षक पिशवी उघडायला सांगेल. सकाळपासून तो हेच करतोय, त्याच्याशी नीट बोल. लोकलमध्ये पोशाख पिशवीत असू दे, तिथं पोचून चढव. अंघोळ करून जा, पाणी पीत राहा.

ताईच्या टेबलाशी जाशील तेव्हाही रांगेतूनच जा. भाऊ म्हणून मागून आत शिरू नकोस.

तुझी,
आत्या