आयर्नमॅन झाला, आता ऑलिम्पिक?

प्रश्न : माझ्या पुतण्याने गोव्याची ‘आयर्नमॅन ७०.३’ पूर्ण केली. तेव्हापासून घरात ऑलिम्पिकच्या गप्पा सुरू आहेत. ट्रायथलॉनच्या ऑलिम्पिक संघात जायचं तर शर्यत किती वेळेत संपवावी लागते?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी पुतण्याला शाबासकी द्या. १.९ किलोमीटर पोहून, ९० किलोमीटर सायकल मारून वर २१.१ किलोमीटर धावणं सोपं नाही. पण तुमच्या ‘किती वेळेत’ला उत्तरच नाही. मॅरेथॉनसाठी पात्रतेची वेळ जाहीर होते, ट्रायथलॉनमध्ये तसं काही नसतं. कुठे समुद्राचा प्रवाह असतो, कुठे नदीचं पाणी, कुठे सायकलच्या रस्त्यावर चढ, तर कुठे नुसती वळणं. योकोहामातली वेळ लीड्समधल्या वेळेशी ताडून काही हाती लागत नाही. म्हणून इथे मिनिटं नाही, नंबर बघतात.

शर्यतही निराळी आहे. ऑलिम्पिकला १.५ किलोमीटर पोहणं, ४० किलोमीटर सायकल, १० किलोमीटर धावणं. आयर्नमॅनमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून सायकल चालवली तर दंड होतो, इथे त्याला मुभा आहे. त्यामुळे पाण्यातून अर्धा मिनिट उशिरा बाहेर आलेल्याच्या हातून पुढचा घोळका निसटतो, आणि मग एकट्याने वारा कापत तो गाठणं फार थोड्यांना जमतं.

आता पात्रता. २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५५ पुरुष आणि ५५ महिला, एवढ्याच जागा होत्या. मे २०२२ ते मे २०२४ या दोन वर्षांतल्या शर्यतींचे गुण धरून क्रमवारी लागली. जागतिक मालिकेतली शर्यत जिंकणाऱ्याला १००० गुण, आणि पुढच्या प्रत्येक क्रमांकाला आधीच्यापेक्षा साडेसात टक्के कमी. म्हणजे दहाव्याच्या पदरात जेमतेम निम्मे गुण. मिश्र रिलेचा रस्ता वेगळा : देशाचा संघ त्यात पात्र ठरला की दोन पुरुष आणि दोन महिला यांच्या जागा आपोआप पक्क्या होतात. एका देशाला पुरुषांत आणि महिलांत जास्तीत जास्त तीन-तीन जागा, आणि तिसरी जागा मिळायची तर तिघेही पहिल्या ३० मध्ये हवेत.

एवढं करून मिळते ती जागा देशाची! त्या जागेवर कोण जाणार, हे त्या देशाची निवड समिती ठरवते. खरी चुरस इथेच.

ब्रिटनचं उदाहरण घ्या. ऑगस्ट २०१९मध्ये टोकियोला ऑलिम्पिकच्याच मार्गावर चाचणी शर्यत झाली. जॉर्जिया टेलर-ब्राउन आणि जेस लर्मंथ या दोघी सर्वांत पुढे होत्या. शेवटच्या रेषेवर त्यांनी हातात हात घेतला आणि एकत्र रेषा ओलांडली. मुद्दाम बरोबरी साधणं नियमात बसत नाही, त्यामुळे दोघीही बाद झाल्या आणि विजय बर्म्युडाच्या फ्लोरा डफीला मिळाला. कागदावर दोघींच्या नावापुढे काहीच उरलं नाही. तरीही निवड समितीने दोघींना संघात घेतलं, आणि माझ्या मते शहाणपणा केला. २०२१मध्ये टोकियोत टेलर-ब्राउनने रौप्यपदक मिळवलं, मिश्र रिलेच्या सुवर्णपदकात दोघींचाही वाटा होता. सुवर्ण डफीचं, बर्म्युडाचं ऑलिम्पिकमधलं पहिलंच.

२०१२ची निवड याहून वादाची. लंडनला ब्रिटनने तिसऱ्या पुरुषाच्या जागी स्टुअर्ट हेजला घेतलं, ते ॲलिस्टर आणि जॉनी या ब्राउनली भावांना सायकलवर साथ देण्यासाठी. हे बरोबर का, यावर तिथे बरंच बोललं गेलं. ॲलिस्टरला सुवर्ण आणि जॉनीला कांस्य मिळालं. जॉनीला तर सायकलवर लवकर बसल्याबद्दल १५ सेकंदांचा दंड भोगूनही. हेज बराच मागे राहिला. दुसऱ्यासाठी राबायला म्हणून ऑलिम्पिकला जाणं मला पटायला जड जातं, पण नियमात बसणारी ती गोष्ट आहे.

पुतण्यासाठी यात काय? ऑलिम्पिक ट्रायथलॉनमध्ये आजवर एकही भारतीय उतरलेला नाही. पहिल्या तीसचा विचार तूर्त बाजूला ठेवू. ज्या देशांना दुसऱ्या कुठल्याच मार्गाने जागा मिळालेली नाही, त्यांच्यातल्या सर्वांत वरच्या खेळाडूसाठी प्रत्येक खंडाला पुरुषांत एक आणि महिलांत एक जागा राखलेली असते. भारतीयाला तोच दरवाजा त्यातल्या त्यात जवळचा. तिथे पोहोचायलाही आशियातल्या आणि बाहेरच्या शर्यती वर्षानुवर्षं खेळून गुण साठवावे लागतात, आणि विमानाची तिकिटं बहुतेकदा घरच्याच खिशातून निघतात.

तोवर त्याला पोहण्याच्या तलावावर न्या आणि घड्याळ लावून दीड किलोमीटर पोहायला सांगा. टोकियोत पुरुषांमधले आघाडीचे खेळाडू सुमारे पावणेअठरा मिनिटांत पाण्याबाहेर आले होते. त्याला किती लागतात, ते कळवा.