काकाजींचा अर्ज आणि जुनं मशीन

शेलूबाजारला माझं ऑनलाइन कामाचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, महाडीबीटी, पोरांच्या स्कॉलरशिपचे फॉर्म. २०२३ च्या खरिपात १ रुपयात पीकविमा पहिल्यांदाच सुरू झाला आणि दारात रांग लागली. नेमका तेव्हाच माझा ब्राउझर आपोआप बंद होऊ लागला. मशीन जुनं, विंडोज ७, रॅम २ जीबी. समोर बसलेल्या एका काकाजींचा अर्ज तिसऱ्यांदा अर्ध्यावर उडाला. "काऊन बंद पडते भाऊ?" त्यांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. त्या आठ दिवसांत जे कळलं, ते मांडतो.

१. एका वेळी एकच गोष्ट बदला. पहिल्या रात्री मी घाबरून सगळंच केलं. कॅशे साफ केला, ब्राउझर काढून परत टाकला, अँटिव्हायरस बदलला. दुसऱ्या दिवशी दुखणं तेच, आणि कशाचा काय परिणाम झाला तेही कळेना. मग वही केली. किती वाजता बंद पडलं, काय काय उघडं होतं, आपण काय बदललं. चौथ्या दिवशी वहीनंच दाखवलं की सकाळी मशीन नीट चालतं आणि दुपारी १२ नंतर बिघडतं.

२. नेमकं काय बंद पडतं ते बघा. एकच टॅब गेला तर बहुधा मेमरी कमी पडली किंवा त्या पानातच गडबड. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबलं की कोणता टॅब किती मेमरी खातो ते दिसतं. पूर्ण मशीनच रीस्टार्ट होत असेल, तर ब्राउझरच्या मागे लागू नका. उष्णता किंवा पॉवर सप्लाय तपासा.

३. इन्कॉग्निटोमध्ये चालवून पाहा. तिथं एक्सटेन्शन सहसा बंद असतात. माझ्याकडे पीडीएफ जोडायला टाकलेलं एक एक्सटेन्शन होतं. ते काढल्यावर त्रास निम्मा झाला, पण गेला नाही.

४. जुन्या ग्राफिक्सवर सेटिंगमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहा.

५. सीपीयू उघडा. याला मी सगळ्यात उशिरा हात लावला, आणि दुखणं तिथंच होतं. वायर काढली, झाकण उघडलं. प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीत समृद्धीच्या इंटरचेंजकडे जाणाऱ्या गाड्यांची धूळ आणि सोयाबीनचं कुटार असं बसलेलं, की बोटानं उचललं तर नमद्यासारखा थर निघाला. दुपारी मशीन तापायचं ते यामुळं. ब्रशनं साफ केलं. मग कॅबिनेटच्या लोखंडाला हात लावून रॅम काढली. १ जीबीच्या दोन पट्ट्या. सोनेरी दातांवर काळपट थर. शाळेतल्या पोराचं पांढरं खोडरबर हलक्या हातानं घासलं, कण झटकले, पट्ट्या खटकन बसवल्या. रात्री विंडोजची मेमरी टेस्ट लावली, तरी चूक दाखवलीच. एकेक पट्टी लावून तपासली तेव्हा एक खराब निघाली. तिच्या जागी २ जीबीची जुनी पट्टी अकोल्याहून आणली.

पट्टी घेण्याआधी विंडोज ३२ बिट आहे का ते पाहा. ३२ बिटची विंडोज ७ ही ४ जीबीच्या वर रॅम वापरत नाही.

६. जुन्या विंडोजला किती ताणायचं, हे ठरवा. विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट सर्वसामान्यांसाठी १४ जानेवारी २०२० ला थांबले. क्रोमची १०९ ही तिच्यावरची शेवटची आवृत्ती. फायरफॉक्सची ११५ ईएसआर तिच्यावर चालते, सातबारा काढायला ती पुरते. पण दुसऱ्याचा आधार आणि बँक खाते अशा मशीनवर उघडणं मला पटत नाही. ती गर्दी ओसरताच त्या कामासाठी मी वेगळं मशीन घेतलं. जुनं आता झेरॉक्स-प्रिंटला आहे.

७. गिऱ्हाइकाचे कागद आधी स्कॅन करून त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, मगच फॉर्म उघडा. अर्ज उडाला तरी माणसाला परत गावाहून यावं लागत नाही. मला हे काकाजींच्या तीन फेऱ्यांनंतर सुचलं, याचं आजही वाईट वाटतं.

विम्याची मुदत वाढून ३ ऑगस्ट झाली होती. मी काकाजींना फोन करून बोलावलं. या वेळी अर्ज एका बैठकीत गेला. पावती निघाली, तशी त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून आपलं नाव आणि गट नंबर सावकाश वाचला, घडी घातली आणि बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.